तीन केळी म्हणजे नेमकी किती?

केळी घरात डझनाने येतात. सहा मागितली तरी गाडीवाला "बारा घ्या, भाव पाडून देतो" म्हणतो आणि आपण घेतो. सोमवारी ती देठाला हिरवी असतात, म्हणून कुणी हात लावत नाही. मंगळवारी अगदी बरोबर झालेली असतात, पण मंगळवारी सगळ्यांना आपापली कामं असतात. गुरुवारी उपासवाल्यांच्या कृपेने चार-पाच खपतात. शुक्रवारी सालीवर तपकिरी ठिपके उमटतात आणि एरवी टीव्हीच्या रिमोटवरून भांडणारं घर एका गोष्टीवर एकमत करतं, की केळं आता "गेलं". शनिवारी परडीभोवती चिलटं घिरट्या घालू लागतात. मग सोफ्यावरून कुणीतरी म्हणतं, "टाकू नका हं, केक करू."

या वाक्यातलं 'करू' व्याकरणात प्रथमपुरुषी अनेकवचनी असेल. घरात ते कायम द्वितीयपुरुषी एकवचनी असतं.

केळ्याच्या केकची ख्याती अशी, की तो कुणालाही जमतो. अमेरिकेत तो घरोघरी रुळला १९३०च्या दशकात, मंदीच्या दिवसांत, कारण काळी पडलेली केळी फेकणं परवडत नव्हतं आणि सोडा-बेकिंग पावडर वाण्याकडे सहज मिळू लागली होती. पुढे २०२०च्या टाळेबंदीत जगभरच्या स्वयंपाकघरांत पुन्हा त्याचीच भट्टी लागली. मंदी असो की महामारी, माणूस अडला की पिकल्या केळ्याचे पाय धरतो. पण सोपा? माझ्या मते हा अत्यंत लबाड केक आहे. स्पंज केक निदान आपण अवघड आहोत हे आधी सांगतो. हा गोड बोलून घरात शिरतो आणि तासाभराने मधोमध खड्डा पाडून मोकळा होतो.

लबाडी सुरू होते सामानाच्या यादीतूनच. कुठलीही कृती घ्या. मैदा ग्रॅममध्ये, तेल मिलिलिटरमध्ये, ओव्हन अंशांमध्ये, आणि ज्याच्या नावाने केक करायचा ती केळी मात्र "तीन, मध्यम". मध्यम कुणाच्या मानाने? वेलची केळं सोलल्यावर जेमतेम ४० ग्रॅम भरतं. गाडीवर मिळतं ते बहुतेक जी-नाइन, म्हणजे ग्रँड नैन; ते सोलून १०० ते १२० ग्रॅम. राजेळी याहून दांडगं, पण ते केकात घालणं म्हणजे पैठणीचं पायपुसणं करणं. त्याची जागा वसईच्या सुकेळ्यांत, म्हणजे वाळवलेल्या केळ्यांत. म्हणजे "तीन केळी" हे माप १२० ग्रॅमही असू शकतं आणि साडेतीनशेही. सोन्याच्या दुकानात कुणी "तीन बांगड्या, मध्यम" म्हणून भाव ठरवत नाही.

म्हणून पहिलं काम: वजनकाटा काढा. केळी सोला, काट्याने कुस्करा आणि गर तोला. पुढचं सगळं माप ३०० ग्रॅम गराचं आहे. ते तीन केळ्यांत भरो की आठ वेलच्यांत, वजनकाट्याला त्याचं सोयरसुतक नाही.

एवढी कटकट कशासाठी, असं वाटेल. कारण हे, की पिकल्या केळ्याच्या गरात साधारण पाऊण भाग पाणीच असतं. ३०० ग्रॅम गर घातला, म्हणजे तुम्ही मिश्रणात न सांगता सव्वादोनशे मिलिलिटर पाणी ओतलंत. ते मैद्याने प्यायचं असतं आणि मैदा ते पितो. पण मग कुणाची तरी काटकसर जागी होते: "हे चौथंही काळं पडलंय, तेही ढकलून द्या." ते चौथं म्हणजे आणखी ७५ मिली पाणी. मैदा आहे तेवढाच. तो आधीच तुडुंब आहे. मग हे जास्तीचं पाणी गुपचूप तळाशी जाऊन बसतं आणि केक कापला की खाली अर्धा इंच थर दिसतो, खरवसासारखा, चकचकीत, बोटाला चिकटणारा. पाहुण्यांना तो "मॉइस्ट आहे ना?" असं म्हणून वाढला जातो. ओलसर आणि कच्चा यांच्यात फरक असतो. पाहुण्याच्या चेहऱ्यावर तो वाचता येतो.

आता केळं किती पिकलेलं हवं? सालीवर निम्म्याहून जास्त तपकिरी आलं, आत गर पिवळट-बदामी आणि काटा लावताच ढेपाळणारा, वास खोलीच्या दारापर्यंत, की मुहूर्त लागला. कच्च्या केळ्याच्या गरात साधारण एक पंचमांश पिष्ट असतं. पिकताना त्यातलं जवळजवळ सगळं साखरेत बदलतं. म्हणून पिवळंधमक, देखणं, फोटोत शोभणारं केळं केकात घातलं तर केक पिठूळ आणि मुका होतो. केळ्याची चव लागते ती बदनाम केळ्याचीच. मात्र बदनामीलाही मर्यादा आहे. साल फुटून पाणी गळतंय, देठाशी पांढरी बुरशी आहे, वासात आंबूस दारूची झाक आहे, आतला गर करडा पडलाय, असं केळं केकासाठी नाही. ते खतासाठी. "ओव्हनमध्ये सगळं मरतं" हा युक्तिवाद कृपया करू नये. जंतू मरतील, वास मरत नाही.

आणि काळं म्हणजे पिकलेलं, हा दुसरा गैरसमज. फ्रीजमध्ये ठेवलेलं केळं दोन दिवसांत कोळशासारखं होतं, पण आत पाहावं तर गर जवळपास होता तिथेच. थंडीत खानदेशातले शेतकरी केळीला 'चरका' बसला म्हणतात, तेच हे. तेरा अंशांच्या खाली हे झाड आणि हे फळ दोन्ही कुडकुडतात. साल काळवंडते, पिकणं मंदावतं. म्हणजे फ्रीजमधल्या केळ्याने नुसता बुरखा घेतलेला असतो. तेव्हा साल पाहून विश्वास ठेवू नका. दाबून बघा, हुंगून बघा, चिमूटभर खाऊन बघा. उलट मे महिन्यात बाहेर ठेवलेलं केळं सकाळी ठिपकेदार असतं आणि संध्याकाळी शोकसभा. जळगावच्या केळ्याला २०१६मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, पण त्या प्रमाणपत्रामुळे ते उन्हाळ्यात एक दिवसही जास्त टिकत नाही.

ज्यांना केक आज हवा आणि केळी परवा पिकणार, त्यांचे हाल वेगळे. कागदी पिशवीत केळ्यांसोबत एक पिकलं सफरचंद ठेवा आणि तोंड दुमडा. फळांतून सुटणारा इथिलीन वायू आत कोंडतो आणि दीड-दोन दिवसांत काम होतं. आजीच्या काळची आंब्याची अढी किंवा तांदळाचा डबा याच न्यायाने चालायचा. सालीसकट केळी १५० अंशांवर वीसेक मिनिटं भाजण्याची युक्तीही फिरत असते. साल झकास काळी होते, गर मऊ होतो, पण गोडी यायला जो वेळ लागतो तो काही वीस मिनिटांत भरून निघत नाही. अडल्या वेळी ठीक. साखर दोन चमचे वाढवा आणि कुणाला बोलू नका.

बाकीचं माप हे असं. मैदा २२५ ग्रॅम. साखर १२५. बिनवासाचं तेल ९० मिली. अंड्याचा केक असेल तर दोन अंडी. बिनअंड्याचा असेल तर १०० ग्रॅम दही, घट्ट, किंचित आंबट. खायचा सोडा पाऊण छोटा चमचा, बेकिंग पावडर एक छोटा चमचा, मीठ पाव. वासासाठी दालचिनीची पूड अर्धा चमचा घालतात. मी वेलची-जायफळाच्या बाजूने मत देईन, कारण केळं आणि जायफळ यांचं जुळतं हे शिकरणीवर वाढलेल्या माणसाला कुणी शिकवायला नको. अक्रोड ५० ग्रॅम, आधी कोरडे भाजून. लोणी का नाही? घाला, वास छान येतो. पण लोणी गार झाल्यावर घट्ट होतं, तेल होत नाही. दुसऱ्या दिवशी तेलाचा केक मऊ असतो आणि लोण्याचा थोडा अंग धरतो.

छोटा चमचा म्हणजे ५ मिलीचा मापाचा चमचा, सुरीच्या पाठीने सपाट केलेला. पोह्याचा चमचा नव्हे, बाळाच्या औषधाचा नव्हे, चहाच्या डब्यात पडलेला तर नव्हेच. तसंच कप म्हणजे २४० मिलीचा कप. आपल्या घरातली आमटीची वाटी त्यापेक्षा बरीच लहान असते आणि दर घरी वेगळी असते. "आम्ही अंदाजानेच करतो" असं अभिमानाने सांगणाऱ्या अनुभवी बायका पुरणपोळीत अजिंक्य असतात. केक मात्र अंदाजाला भीक घालत नाही. पुरण पातळ झालं तर परत आटवता येतं. ओव्हनमध्ये गेलेल्या केकला बाहेर बोलावून मैदा चारता येत नाही.

सगळ्यात जास्त अपराध घडतात ते सोड्यापायी. विचारसरणी साधी असते: पाऊण चमच्याने फुगतो, तर दीड चमच्याने दुप्पट फुगेल. सोडा स्वतः फुगवत नाही; त्याला आंबट काहीतरी भेटलं की त्यातून वायू सुटतो आणि तो वायू फुगवतो. केळं थोडंसं आम्ल असतं, दही त्याहून जास्त. या दोघांना मिळून जेवढा सोडा पचतो, त्यापलीकडचा सोडा केकात तसाच उरतो. मग केक सुरुवातीला भराभरा वर येतो, सगळं घर काचेपाशी जमतं, "अरे वा, बघा बघा" होतं, आणि दहा मिनिटांनी तो तितक्याच भराभरा मधोमध बसतो, कारण बुडबुडे फुटले तेव्हा त्यांना धरून ठेवायला आतली भिंत शिजलेली नव्हती. वर रंग नको तितका गडद आणि जिभेवर साबणाची चव. असा केक खाऊन कुणी आजारी पडत नाही, पण अंघोळ झाल्यासारखं वाटतं.

इनोचं तसं नाही, असं सांगणारे असतात. इनोत सोडा आणि आंबटपणा दोन्ही एकत्रच असतात. पाणी लागताच दोघं भिडतात आणि पाच मिनिटांत सगळा जोर संपवतात. ढोकळा लगेच वाफेवर चढतो आणि पटकन शिजतो, म्हणून तिथे ते चालतं. तासभर भाजायच्या जाडजूड केकात इनो म्हणजे लग्नाच्या वरातीत पहिल्याच चौकात दमलेला बँडवाला.

सोड्याची एक गंमत सांगायला हवी, कारण ती घडली की घरात घबराट होते. अक्रोड महाग म्हणून कुणी सूर्यफुलाच्या बिया घालतं. दुसऱ्या दिवशी केक कापला की प्रत्येक बीभोवती हिरवं. बुरशी नाही ती. बियांमधल्या एका आम्लाची सोड्याशी गाठ पडली की हिरवा रंग येतो. खायला काही हरकत नाही. पण हे रसायनशास्त्र ताटापाशी सांगून आजवर कुणाला पटलेलं नाही. तसंच केकात बारीक काळे धागे दिसतात, ते केळ्याचेच तंतू आणि मधले कण, उष्णतेने काळे पडलेले. घरातलं शेंडेफळ ते काट्यावर धरून "यात पाय आहेत" असं जाहीर करणार, त्याची तयारी ठेवा.

कृतीपेक्षा क्रम महत्त्वाचा. आधी ओव्हन १७५ अंशांवर लावा, पंधरा मिनिटं तापू द्या, आणि मगच ओलं आणि कोरडं एकत्र करा. कारण ते एकत्र झालं की सोडा कामाला लागतो. तेव्हा टिन शोधायला माळ्यावर चढलात, तर वायू माळ्यावर निघून जातो. टिन नऊ बाय पाच इंची लांबट किंवा सात इंची गोल आणि उंच. तेलाचा हात, खाली बटर पेपर. मैदा, सोडा, पावडर, मीठ, मसाला एकत्र दोनदा चाळा. हे शोभेसाठी नाही. सोड्याची गुठळी राहिली तर एका माणसाच्या तुकड्यात ती नक्की सापडते आणि तो माणूस बहुधा व्याही असतो. दुसऱ्या भांड्यात गर, साखर, तेल, दही किंवा अंडी घालून मिनिटभर फेटा. गर मिक्सरमधून काढायची गरज नाही. काट्याने कुस्करलेल्या गरात वाटाण्याएवढे तुकडे राहिले तर ते केकात ओलसर गोड खिसे होतात. तुकडे सुपारीएवढे राहिले तर मात्र तिथे केक कच्चा राहतो.

आता कोरडं ओल्यात घाला आणि उलथन्याने खालून वर, अलगद, दहा-पंधरा वेळा. मैद्याची पांढरी रेघ दिसेनाशी झाली की हात मागे. इथेच हात मागे येत नाही. आपल्याकडे ढवळणं हे प्रेमाचं लक्षण आहे. बेसन लाडवाचं बेसन तासभर हलवलं, तेव्हा कुठे कौतुक. पण मैदा ओला झाल्यावर जितका ढवळाल तितका चिवट होतो. कणकेला हेच हवं असतं, केकाला नको. फार ढवळलेला केक कापल्यावर आत मऊ बारीक जाळीऐवजी उभे लांब बोगदे दिसतात, आणि तुकडा दाबला तर परत वर येतो, रबराच्या चपलेसारखा. इलेक्ट्रिक बीटर या टप्प्यावर कपाटात हवा.

"मैदा नको, कणीक घाला" ही सूचना येणारच. घाला. पण चक्कीच्या कणकेला पाणी जास्त लागतं, म्हणून दोन-तीन मोठे चमचे दूध वाढवा आणि केक थोडा ठासून येईल हे आधीच मान्य करा. निम्मी कणीक आणि निम्मा मैदा हा तह मला पटतो. सोबत साखरेऐवजी गूळ, तेलाऐवजी काहीच नाही आणि वरून ओट्स, असं सगळं एकाच दिवशी केलं तर जे तयार होतं ते पौष्टिक असतं. त्याला केक म्हणण्याची सक्ती करू नये.

भट्टीचं म्हणाल तर प्रत्येक ओटीजी, म्हणजे घरगुती छोटा विजेचा ओव्हन, आपल्या तापमानाबाबत थोडं खोटं बोलतो. डायल १७५ दाखवतो, आत दीडशे असतात किंवा दोनशे. ओव्हनचा थर्मामीटर आत टांगला की महिनोन्महिन्यांच्या घरगुती वादांचा निकाल लागतो. छोट्या ओटीजीत वरची तापणारी कांडी केकाच्या डोक्यावरच असते. म्हणून टिन खालच्या खाचेत, आणि पस्तिसाव्या मिनिटाला वर रंग आलेला दिसला की फॉइलचं छप्पर. त्याआधी दार उघडायचं नाही. गार हवा आत शिरली की अर्धवट शिजलेला मध्य दचकतो आणि बसतो. काचेतून बघायला दिवा दिलेला आहे. "फक्त एकदा बघते" हे दार उघडूनच म्हणायचं असतं असं नाही. वरचा भाग लांबीत तडकला तर रडू नका. कड आणि वरचा पापुद्रा आधी शिजून घट्ट होतो, आत अजून फुगणं चालू असतं, मग ते वाट काढतं. केळ्याच्या केकाची ती भेग म्हणजे तब्येत चांगली असल्याची खूण. मायक्रोवेव्ह असेल तर कन्व्हेक्शनवर, म्हणजे गरम हवेने भाजण्याच्या सेटिंगवर, लावा. नुसत्या मायक्रोवर चार मिनिटांत केक होतो हे खरं, पण तो पांढराफटक राहतो आणि गार झाला की उशीच्या कापसासारखा लागतो.

ज्यांच्याकडे यातलं काहीच नाही त्यांचा कुकर आहे. शिट्टी काढा, रबरी रिंग काढा, तळाशी दीड-दोन वाट्या मीठ पसरा, वर स्टँड. पाणी नाही. हे दोनदा सांगतो, कारण कुकर दिसला की हात आपोआप नळाकडे जातो: पाणी नाही. मध्यम आचेवर दहा मिनिटं तापवा, टिन ठेवा, झाकण लावा आणि सगळ्यात बारीक आचेवर पन्नास ते साठ मिनिटं. जाड बुडाची कढई आणि घट्ट झाकण असेल तर कुकरपेक्षा तेच बरं. पातळ अॅल्युमिनियमचा कुकर कोरडा तापून वाकडा होतो आणि मग त्यात भातही धड होत नाही. वर रंग येत नाही, कारण वरून आच नाही. झाकणाला आतून वाफ जमून थेंब टपकतात आणि माथा चिकट होतो. काही बिघडत नाही, उलटा करून वाढा. ते मीठ वेगळ्या बरणीत चिठ्ठी लावून ठेवा, पुढच्या केकाला चालतं. चिठ्ठी नाही लावली तर ते पोह्यांत जाईल.

ओव्हनमध्ये लांबट टिनला ५५ ते ६० मिनिटं, गोलाला ४५ ते ५०. झाला की नाही हे पाहायला सुरी खुपसतात, आणि इथे केळं शेवटचा दगा देतं. सुरी नेमकी केळ्याच्या तुकड्यातून गेली तर ओली निघते. आपण घाबरून आणखी पंधरा मिनिटं देतो आणि कडा रस्कासारख्या करतो. म्हणून दोन-तीन ठिकाणी टोचा. ओलसर कण चिकटले तर चालेल, मिश्रणाचा ओघळ नको. बोटाने मधोमध हलकं दाबल्यावर खळगा परत भरून आला पाहिजे. थर्मामीटर असेल तर मध्यात ९६ ते ९८ अंश, मग वादच नाही.

बाहेर काढल्यावर दहा मिनिटं टिनमध्येच, मग जाळीवर. जाळी नसेल तर मोदकपात्राची चाळणी. तसाच ओट्यावर ठेवला तर वाफ खाली अडकते आणि बूड ओलं होतं, इतका खटाटोप करून. कापायचा एक तासाने. खरं तर दुसऱ्या दिवशी. रात्रभरात आतला ओलावा कडेपर्यंत सारखा पसरतो, जायफळ उमलतं, आणि केक स्वतःच्या चवीला येतो. हे लिहिणं सोपं आहे. प्रत्यक्षात घरात तो वास भरल्यावर केकला रात्र दिसत नाही. गरमच कापतात, सुरीला चिकटून त्याचा चुरा होतो आणि "फसला वाटतं" असा शेरा चुरा खाता खाता मारला जातो.

उरलाच, तर पावसाळ्यात बाहेर दोन दिवस, त्यापुढे नाही. ओलसर केकाला बुरशी लवकर भेटते. फ्रीजमध्ये चार-पाच दिवस टिकतो, पण कोरडा आणि कडक होतो, पाव होतो तसाच. त्याला इलाज तवा. जाड तुकडा, तव्यावर थोडं लोणी, दोन्ही बाजू सोनेरी. हा तुकडा ताज्या केकाहून सरस असतो असं माझं ठाम मत आहे. आणि पुढच्या खेपेसाठी: केळी काळी पडली पण आज वेळ नाही, तर सोलून, ३०० ग्रॅमच्या पुड्या करून फ्रीझरमध्ये टाका, तीन महिने चालतात. सोलूनच. सालीसकट गोठवलेलं केळं म्हणजे काळी वीट. ते सोलताना नखं जातात. वितळल्यावर जे पाणी सुटतं ते ओतू नका, गोडी त्यातच असते, गरासकट तोला.

पण सगळं नीट करूनही चौथ्या दिवशी डब्यात दोन तुकडे उरतातच. कडेचे, जरा वाळलेले. त्यांच्याकडे कुणी फिरकत नाही. मग सोफ्यावरून आवाज येतो: "टाकू नका हं, कस्टर्डमध्ये घालू." कल्पना वाईट नाही. तुकडे खाली, वर गार कस्टर्ड, छान भिजतात. फक्त नुसत्या केकाचं कस्टर्ड बरं दिसत नाही, त्यात फळं हवीत. डाळिंब आहे, सफरचंद आहे. केळी संपलीत. दोन पुरतील.

गाडीवाला म्हणतो, "बारा घ्या, भाव पाडून देतो."